मार्फत : केनियातले आठ दिवस

दिवस पहिला

जून २०१९. नगर जिल्ह्यात चारा छावण्या अजून उठल्या नव्हत्या, मान्सून केरळात पोचून तिथंच रेंगाळला होता, आणि आम्ही तिघं नैरोबीच्या विमानात बसलो होतो: मी, आमचे पशुवैद्यक डॉक्टर आणि संगणकाचं सगळं बघणारा आमचा पोरगा. "जनावरं छावणीत आणि हे निघाले आफ्रिकेला, लोक काय म्हणतील," हे डॉक्टरांचं पालुपद मुंबई सुटेपर्यंत चालू होतं. सहा तासांत नैरोबी आलं. संगमनेरहून नागपूरला एसटीनं याच्या दुप्पट लागतात.

आमची संस्था दूध उत्पादकांना फोनवर बोलके निरोप पाठवते. लसीकरण, मुरघास, गाभण गाईची निगा, असलं. केनियात हे काम आमच्याआधी सुरू झालं, तिथं काय टिकलं आणि काय बुडालं ते बघून या, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

विमानतळावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं, त्यावरच एम-पेसाचं, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेचं, खातं उघडलं. पेसा म्हणजे आपला पैसाच, हिंदी महासागराच्या व्यापारात कधीतरी स्वाहिलीत उतरलेला. आता खात्यात पैसे भरायचे. मुक्कामाच्या गल्लीत पानटपरीएवढं हिरवं दुकान, आत एक मुलगी. मी नोटा दिल्या. मला वाटलं, झालं, आता फोन वाजेल. तर तिनं जाडजूड वही काढली, पासपोर्टचा नंबर, रक्कम, वेळ बॉलपेननं लिहिलं आणि वही फिरवून म्हणाली, सही. ज्या व्यवहाराचं जगभर कौतुक होतं, त्याच्या तळाशी ही वही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एम-पेसा मार्च २००७मध्ये सुरू झालं. त्याआधीची चाचणी होती ती बचत गटांनी कर्जाचे हप्ते फोनवरून फेडावेत म्हणून. लोकांनी हप्ते बाजूला ठेवून एकमेकांनाच पैसे पाठवायला सुरुवात केली आणि कंपनीनं शहाणपणानं तोच धंदा केला. आपल्याकडे हेच नाव २०१३ला आलं आणि रुजलं नाही. आपले बँकांचे नियम वेगळे, हे खरं. पण गल्लीगल्लीत अशी वहीवाली बसवणं आपल्याला जमलं नाही, हेही खरं.

त्या मुलीनं एक हजाराची नोट उजेडाकडे धरून पाहिली. १ जूनला तिथं नव्या नोटा आल्या होत्या आणि जुनी हजाराची सप्टेंबरअखेर बाद होणार होती. लोक वैतागलेले. चार महिन्यांची मुदत ऐकून आम्ही तिघं एकमेकांकडे बघून जे हसलो, त्याचं कारण तिला समजावता आलं नाही.

दिवस दुसरा

सकाळी किलिमानी भागात आयहबला. आयहब म्हणजे संगणकवाल्या तरुणांनी एकत्र बसायची जागा, २०१०मध्ये न्गाँग रोडवरच्या एका इमारतीत सुरू झालेली, नंतर इथं आलेली. आमच्या पोराचे डोळे लकाकत होते. मी मात्र खुर्च्या, काच आणि कॉफी बघून जरा निराश झाले. असली जागा पुण्यात बाणेरलाही दिसते.

पण तिच्यामागची गोष्ट बाणेरची नाही. २००७च्या डिसेंबरात निवडणुकीच्या निकालावरून केनिया पेटला. हजाराहून जास्त माणसं मेली, लाखो घरं सोडून पळाले. थेट प्रक्षेपणावर सरकारनं बंदी घातली. कुठं काय चाललंय हे ज्याच्या त्याच्या गावापुरतंच माहीत. तेव्हा ब्लॉग लिहिणाऱ्या ओरी ओकोलो यांनी जाहीरपणे विचारलं की, लोकांनी पाठवलेल्या खबरा नकाशावर मांडता येतील का. काही दिवसांतच त्या स्वतः, एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच, डेव्हिड कोबिया असे चारजण मिळून ते उभं राहिलं. नाव उशाहिदी, म्हणजे साक्ष. उर्दूतलं शाहिद, साक्षीदार, त्याच घरातला शब्द. २०१०च्या हैतीतल्या भूकंपात तेच साधन वापरलं गेलं. आणि ही मंडळी एकमेकांना शोधत होती, बसायला जागा नव्हती, म्हणून आयहब.

दुपारी जेवताना एका वयस्क अभियंत्यानं त्याहून जुनी हकीकत सांगितली. २०००च्या आधी नैरोबीतल्या एका कचेरीतून समोरच्या कचेरीत पाठवलेली ईमेल उपग्रहावरून परदेशात जाऊन परत यायची, कारण केनियातल्या इंटरनेट कंपन्या आपसांत जोडलेल्याच नव्हत्या. संगमनेरहून सिन्नरला पोस्टकार्ड लंडनमार्गे पाठवल्यासारखं. या कंपन्यांनी एकत्र येऊन नोव्हेंबर २०००मध्ये देशातल्या देशात देवाणघेवाणीचं केंद्र उघडलं. ते बेकायदा आहे अशी तक्रार झाली आणि दोनेक आठवड्यांत बंद पडलं. परवाना मिळवून पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडलं. "तंत्र दोन दिवसांचं होतं," तो म्हणाला, "एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लोकांना एका टेबलाशी बसवायला खरा वेळ गेला." समुद्राखालची केबल तर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला २००९मध्येच लागली. त्यातल्या सीकॉम नावाच्या केबलचं एक टोक मोम्बासाला निघतं आणि एक मुंबईला. म्हणजे घरी व्हिडिओ कॉल करताना माझा चेहरा कदाचित त्याच समुद्रातून जात होता ज्यातून एके काळी कच्छी-कोकणी गलबतं गेली.

ता. क. आम्ही परतल्यावर तीन महिन्यांनी आयहब नायजेरियातल्या लागोसच्या सीसीहबनं, तशाच एका जागेनं, विकत घेतलं. पोरगा म्हणाला, ताई, आफ्रिकेतल्या आफ्रिकेतच व्यवहार झाला की. त्याला ते पोस्टकार्ड आठवलं असावं.

दिवस तिसरा

किबेरा. जावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. वस्ती बघायला जाणं मला धारावीच्या सहलींइतकंच नकोसं वाटतं. शेवटी नकाशावाल्या मुलांना भेटायचं आणि फोटो काढायचे नाहीत, या अटीवर गेलो.

२००९पर्यंत एवढी मोठी वस्ती नकाशावर जवळजवळ कोरी होती. लाखभराहून जास्त माणसं, मधून रेल्वेचा रूळ, आणि कागदावर काही नाही. त्या वर्षी वस्तीतल्याच तेरा तरुण मुलामुलींनी जीपीएस हातात घेऊन बोळ अन् बोळ तुडवला आणि ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या नेटवरच्या नकाशावर, उतरवला: नळ, संडास, दवाखाने, शाळा, चर्च, मशिदी. मिकेल मॅरोन आणि एरिका हेगन हे दोघं बाहेरचे, शिकवायला आलेले. नकाशा मात्र मुलांचा.

मला त्यातलं कागदाचं प्रकरण आवडलं. नकाशा संगणकावर झाला, पण वस्तीत कोण संगणक उघडून बसणार? म्हणून मोठे कागद छापले आणि लोकांपुढे पसरले. मग आयाबाया पेनानं खुणा करायला लागल्या. इथं दिवा नाही, या बोळात रात्री जाऊ नका, हा दवाखाना कधीच उघडा नसतो. आमच्याशी बोलणारा तरुण म्हणाला की, जीपीएसनं नळ कुठं आहे ते कळतं, नळाला पाणी कधी येतं ते मामालाच माहीत. मामा म्हणजे बाई, आई; इथं प्रत्येक बाईला तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतात. संध्याकाळपर्यंत मीही माझ्या लेकीच्या नावाची मामा झाले होते. डॉक्टरांना तर पहिल्या दिवसापासून सगळे "डाक्तारी" म्हणत होते, ते त्यांना भारी आवडलं होतं.

दिवस चौथा

दिवसभर गाडी. नैवाशा, गिलगिल, मग चढ. न्याहुरुरु साधारण तेवीसशे मीटर उंचीवर, विषुववृत्ताला खेटून. विषुववृत्तावर मी स्वेटर घालून कुडकुडले. थॉमसन फॉल्स बघितला, ७४ मीटरचा. भंडारदऱ्याच्या माणसांना धबधब्याचं काय कौतुक. रात्री उगाली आणि सुकुमा विकी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सुकुमा म्हणजे चिरून परतलेला पाला. नावाचा अर्थ "आठवडा ढकला". महिनाअखेरच्या भाजीला इतकं नेमकं नाव आपल्याकडे नाही. मक्याला स्वाहिलीत महिंदी म्हणतात, हिंदचा. अमेरिकेतून आलेल्या धान्याचं बिल आपल्या नावावर फाडलंय.

दिवस पाचवा

हा दिवस मी पुन्हा पुन्हा आठवते.

कोरडवाहू भागांतल्या माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ॲरिड लँड्स इन्फर्मेशन नेटवर्क नावाची नैरोबीची संस्था अनेक वर्षं काम करत आली. तिनं पूर्व आफ्रिकेतल्या गावांमध्ये माहिती केंद्रं उघडली, त्यांना "मारिफा केंद्र" म्हणतात. आम्ही गेलो ते त्याच धर्तीवरचं, पण स्थानिक लोकांनी दूध संस्थेच्या आवारात चालवलेलं. एक खोली, दोन संगणक, एक प्रिंटर, मासिकांची मांडणी, बाहेर फळा. सांभाळणारी मुलगी पंचविशीची.

आम्ही पोचलो आणि वीज गेली. नेटही गेलं. पोरानं कपाळाला हात लावला. मुलगी म्हणाली, बसा, आज चांगलं दिसेल.

आणि दिसलं. दुपारपर्यंत तीसेक माणसं आली असतील. एकीला मुलाचा परीक्षेचा निकाल हवा होता, एकाला कराचा नंबर, एका आजोबांचा एम-पेसाचा पिन अडकला होता. ही कामं वीज आल्यावर. बाकीचे गाईचं, बटाट्याचं, मक्याचं विचारायला आलेले. ती कपाटातून वही काढायची. पुन्हा वही! तीन रकाने. कोणी विचारलं, काय विचारलं, कोणी उत्तर दिलं. तिसऱ्या रकान्यात क्वचित सरकारी अधिकारी, कधी एखादं मासिक, बहुतेक वेळा दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव आणि गाव. नवा माणूस तोच प्रश्न घेऊन आला की ती जुन्या माणसाला फोन लावते आणि दोघांना बोलायला देते. तिच्या फोनवरचा बोलायचा खर्च कोण देतं, हे मी विचारलं. ती हसली आणि पुढच्याकडे वळली.

साधनं तिच्याकडे सगळी होती. सू काहुंबू यांनी सुरू केलेलं आयकाऊ, ज्यात *२८५# फिरवून गाय नोंदवली की गाभण काळात काय करायचं याचे एसेमेस यायचे. वीफार्म, ज्यात शेतकऱ्याचा एसेमेसवरचा प्रश्न दुसऱ्या शेतकऱ्यांकडे जायचा. नुरू नावाचं ॲप, ज्याला मक्याचं पान दाखवलं की लष्करी अळीचं नुकसान आहे का ते नेटशिवाय सांगतं आणि स्वाहिलीत बोलतं. नुरू म्हणजे प्रकाश, आपला नूर. तिनं बाहेरच्या मक्यावर ते चालवून दाखवलं. शेतकरी कौतुकानं बघत होता. बघून झाल्यावर त्यानं तिलाच विचारलं, "हे खरं सांगतंय का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे हेच होतं. निरोपाच्या सेवेला दुसऱ्या बाजूनं येणारा सगळ्यांत मोठा प्रश्न: हा आवाज कोणाचा आहे, कुठल्या गावचा? बेंगळुरूत सुरू होऊन इथिओपियापर्यंत गेलेल्या डिजिटल ग्रीनचंही असंच. ते शेतकऱ्यांचे शेतकऱ्यांनीच केलेले व्हिडिओ गावात दाखवतात, आणि बघणारे आधी विचारतात, हा कोण, कुठला? आम्ही पुण्याच्या स्टुडिओत, छान आवाजाच्या निवेदिकेकडून निरोप वाचून घेत होतो. पैसे खर्चून.

जेवताना मी मारिफाचा अर्थ विचारला. ज्ञान, ती म्हणाली. मी सवयीनं वहीत देवनागरीत लिहिलं आणि त्या अक्षरांकडे बघत राहिले. मारिफा, मारिफत, मार्फत. मूळ एकच अरबी शब्द, ओळखणं-जाणणं असा अर्थ असलेला. "मा. तहसीलदार यांचे मार्फत" असं आयुष्यभर लिहिलं, पण त्या शब्दाला ज्ञानाचा वास आहे हे कधी जाणवलं नव्हतं. त्यांच्याकडे शब्दातलं ज्ञान उरलं, आपल्याकडे ओळख उरली. ही पोरगी वहीत दोन्ही पुन्हा एका ओळीत लिहीत होती.

तिसऱ्या प्रहरी चामाची बैठक. चामा म्हणजे भिशी. फिरत्या रकमेच्या प्रकाराला त्या "मेरी-गो-राउंड" म्हणतात. पंधरा बाया, एक पेटी, एक खजिनदार, आणि शेवटी चहा. त्यांनी दुधाचा भाव विचारला. शिलिंगाचे रुपये करून बघितले तर फार फरक नव्हता. मग एकीनं विचारलं की तुमच्याकडे आंबोण महाग झालं की तुम्ही काय करता. मी म्हटलं, बोंब मारतो. दुभाषी मुलीनं हे काय करून सांगितलं देव जाणे, पण सगळ्या टाळ्या देऊन हसल्या. हिशेबाला त्या हेसाबू म्हणतात. हिशेबाच्या वेळी दुभाषी लागली नाही.

वीज संध्याकाळी पाचला आली.

दिवस सहावा

नाकुरु, केरिचोचे चहाचे मळे, किसुमू, मग लुआंडा कोटिएनोच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं व्हिक्टोरिया सरोवर ओलांडून म्बिता. शेवटचे दोन किलोमीटर बोडाबोडावर, म्हणजे मोटारसायकलच्या टॅक्सीवर. गाडी बजाज बॉक्सर. पोरानं चालवणाऱ्याला सांगितलं की ही आमच्या पुण्याच्या कंपनीची. तो म्हणाला, मग सुटे भाग स्वस्त करायला सांगा.

दिवस सातवा

म्बिताला इसिपेचं केंद्र आहे. कीटकांचा अभ्यास करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७०मध्ये टॉमस ओडिआंबो या केनियन शास्त्रज्ञानं नैरोबीत उभी केली. म्बिताच्या आवाराला त्यांचंच नाव आहे. आम्ही इथं आलो ते मक्यासाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या एका चुकीसाठी.

२०१८च्या खरिपात आमच्या भागातून फोन यायला लागले की मक्याच्या पोंग्यात अळी आहे. आम्ही खोडकिड्याचा जुना निरोप पुन्हा वाजवला. दोन आठवडे. ती अमेरिकन लष्करी अळी होती: डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके. आफ्रिकेत ती २०१६ला आली, केनियात २०१७ला, भारतात २०१८ला. म्हणजे आम्हाला जे कळायला हवं होतं ते इथल्या शेतकऱ्यांना वर्षभर आधी पाठ होतं. अळीनं समुद्र ओलांडला. तिची खूण आमच्यापर्यंत पोचायची काही सोय नव्हती.

इसिपेची इथली जुनी कमाई म्हणजे "ढकल-ओढ" पद्धत. झियाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या रॉथमस्टेडबरोबर ती बसवली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाचं द्विदल, वेलवर्गीय चाऱ्याचं पीक. त्याच्या वासानं खोडकिड्याचा पतंग दूर जातो. शेताच्या कडेला नेपिअर किंवा ब्रॅकिआरिया गवत. त्याच्याकडे पतंग ओढला जातो, तिथं अंडी घालतो, पण अळ्या नीट जगत नाहीत. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांमधून जे झिरपतं त्यानं स्ट्रायगा मरतो. स्ट्रायगा म्हणजे आपल्या ज्वारीतला टारफुला. इथं लुओ भाषेत त्याला कायोंगो म्हणतात आणि म्हणताना थुंकल्यासारखं तोंड करतात. आमच्या आज्या टारफुल्याचं नाव असंच घ्यायच्या. लष्करी अळीवरही ही पद्धत चालते असं नंतर दिसलं. २०१८च्या अभ्यासात झाडामागे अळ्यांची संख्या ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलेली होती. डॉक्टरांना यातलं चाऱ्याचं गणित आवडलं. कडेचं गवत आणि मधला डेस्मोडियम, दोन्ही गाईला.

दुपारी एका शेतकरी बाईच्या शेतावर गेलो. साठीच्या, अनवाणी, बोलायला खणखणीत. त्या "शेतकरी शिक्षिका" आहेत. संस्थेनं निवडलेले काही शेतकरी शेजारच्यांना शिकवतात, त्यातल्या एक. शेताचे दोन भाग ठेवलेत: एकात नुसता मका, पिवळा, कायोंगोच्या जांभळट फुलांनी भरलेला, दुसऱ्यात ढकल-ओढ, डोक्याएवढा. हा पहिला वाईट भाग त्या मुद्दाम ठेवतात. नुकसान सोसून.

"तो काढून टाकला तर शेजारीण म्हणेल, हिची जमीनच चांगली आहे."

मी विचारलं, अडचण काय येते? बियाणं, त्या लगेच म्हणाल्या. डेस्मोडियमचं बी महाग आणि वेळेवर मिळत नाही. म्हणून त्या वेलाची कांडी कापून शेजारणींना देतात. पहिल्या हंगामात खुरपणीही जास्त लागते. ती कुणी आधी सांगत नाही आणि मग लोक सोडून देतात. ही गोष्ट आम्ही सकाळी केंद्रात बघितलेल्या छापील पत्रकात नव्हती. मी लिहून घेतली.

मग त्यांनी उलटा प्रश्न केला. तुमच्याकडे अळी आली तेव्हा काय केलंत? आम्ही चुकलो ते मी सांगितलं. पोंग्यात वाळू आणि चुना टाकायचा सल्ला आमच्याकडे नंतर आला, तोही सांगितला. त्या म्हणाल्या, आम्ही राख आणि माती टाकतो. वाळू-चुन्याचं प्रमाण काय? नऊला एक, डॉक्टर म्हणाले. बाईंनी घरात जाऊन नातवाची शाळेची वही आणली आणि त्याच्याकडून लिहून घेतलं. वर डॉक्टरांचं नाव आणि "संगमनेर" लिहायला लावलं. त्याला स्पेलिंग जमेना, तर पोरानं हात धरून लिहून दिलं.

दिवस आठवा

परतीचं विमान संध्याकाळी. विमानतळावर पोरगा निरोपांची नवी यादी करत होता: स्टुडिओ बंद, सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव-गाव, शेवटी त्याला फोन करायची सोय. डॉक्टर म्हणाले, शेतकऱ्याचा फोन नंबर असा वाटायचा? रात्री अकराला कुणाची गाय अडली तर? त्यावर दोघांचं वाजलं आणि ते मुंबईपर्यंत मिटलं नाही. ते अजूनही पुरतं मिटलेलं नाही.

माझ्या एम-पेसात ३४० शिलिंग उरले होते. ते मी न्याहुरुरुकडच्या त्या मुलीला पाठवले. दोन मिनिटांत तिचा फोन.

"मामा, हे कशाचे? मला वहीत लिहावं लागेल."

"नवी वही घे."

"वही अजून अर्धी कोरी आहे," ती म्हणाली. "पेनं घेते."